चटणीच्या डब्याचा तळ

माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही धरूनबांधून. लिहायला बसलोय ते मुलीच्या सांगण्यावरून. ती म्हणाली, बाबा, तुम्ही आईच्या गोष्टी सारख्या सांगता आणि दर खेपेला वेगळ्या सांगता, एकदा लिहूनच टाका. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, त्यामुळं आठवण तोंडातल्या तोंडात फुगते, हे खरं. लिहिताना फुगणार नाही. लिहायला हात दुखतो.

आमचं घर भिंगारला. छावणीतल्या एका डेपोत मी पॅकिंगला होतो. लाकडी पेट्या ठोकायच्या, माल हलणार नाही असा भुसा आणि कागद ठासून भरायचा, वरून पट्टी मारायची, तारेला शिशाचं सील लावायचं. माझ्या हातची पेटी उघडल्यावर आतला माल जागचा हलला नाही, असं साहेब लोक म्हणायचे. फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढं त्याचा संबंध येतो.

मुलगी एकच. नव्वदच्या पुढची सालं असतील, ती पुण्याला फिजिक्समध्ये मोठं शिक्षण घेत होती. नुसतं शिकणं नाही, नवीन शोधून काढायचं. लोक विचारायचे, डॉक्टर होणार का पोरगी? मी म्हणायचो, व्हय, पण सुई देणारी नाही. मग कसली, असं कुणी विचारलं की मला सांगता यायचं नाही, आणि मी विषय बदलून ऊस-पाण्याचं बोलायचो, जरी माझा एक गुंठासुद्धा ऊस नव्हता.

पुण्याच्या मेसचं जेवण तिला जायचं नाही. म्हणून हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, चटणीचा डबा सुरू केला. शेंगदाण्याची कोरडी चटणी, लसूण भरपूर, खलबत्त्यात कुटलेली. मिक्सर घरात आला तरी चटणी खलबत्त्यातच. आमच्या गल्लीत एक टेम्पोवाला होता, तो एक दिवसाआड भाजी घेऊन पुण्याला जायचा. हिचा डबा तो न्यायचा आणि मुलीच्या वसतिगृहाजवळच्या चहाच्या टपरीवर ठेवायचा. परत येताना आधीचा डबा आणायचा. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे मुलीला लहानपणापासून माहीत. कधी चिमूटभर साखर, कधी चार शेंगा, कधी गुळाचा खडा, असं काहीतरी ती परतीच्या डब्यात घालायची.

टेम्पोवाला स्वभावानं चांगला, पण जिभेला चटावलेला. त्याची आई आमच्या घरचं पाणी प्यायची नाही. आम्ही छप्पन्नच्या पुढचे, विहारातले, त्यांची बागाईत होती. म्हातारी दारात उभी राहून हिच्याशी तासभर गप्पा मारेल, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकायची नाही. आणि तिचा लेक दिवसाआड आमच्याच घरची चटणी खात जायचा, आणि मुलगी फोनवर म्हणायची, आई, डबा अर्धाच का भरतेस?

हिला कळलं ते असं. एकदा टेम्पोवाला डबा घ्यायला आला आणि सहज बोलून गेला, "वहिनी, ह्या खेपेला लसूण जरा कमी पडलाय बघा." बोलला आणि त्याचं तोंड पडलं. हिनं डबा त्याच्या हातात दिला. तो गेल्यावर आत येऊन पदर तोंडात घालून हसली. मी म्हणालो, "चोर हाय त्यो." ती म्हणाली, "आसू दे की. त्याच्या आईला सांगू नका फक्त. म्हातारी त्याला आंघूळ घालंल."

खरं सांगायचं तर तिला राग कमी आणि समाधान जास्त होतं. पण पोरीच्या तोंडचा घास जातोय हेही होतं. म्हणून तिनं युक्ती केली. चटणी डब्यात भरली की वाटीच्या बुडानं दाबायची, वर सपाट करायची आणि चमच्याच्या दांड्यानं नक्षी काढायची. कधी पान, कधी जाळी. दर डब्याला वेगळी. मुलीला फोनवर सांगून ठेवलं, नक्षी मोडलेली असली तर समज.

पण झालं काय, प्रत्येक डब्याची नक्षी मोडलेलीच. कामरगावचा घाट, सुप्याच्या पुढचे खड्डे, आणि टेम्पोचे पाटे म्हणजे नुसते लोखंड. वर भाजीचे क्रेट आपटायचे. आता ही नक्षी खड्ड्यानं मोडली की बोटानं, हे कसं ठरवायचं? टेम्पोवाल्याला विचारलं तर तो आकाशाकडं हात करून रस्त्याला शिव्या द्यायचा.

मग मुलगी सुट्टीला घरी आली. ही चटणीसाठी लसूण सोलत होती, मुलगी शेजारी बसून सोलायला लागली, मी भिंतीला टेकून. हिनं नक्षीची तक्रार सांगितली. मुलगी ऐकता ऐकता हसायला लागली ती थांबेचना. म्हणाली, आई, माझं पुण्यातलं काम हेच आहे.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं ती काय शिकते ते. जेवढं कळलं तेवढं लिहितो. चुकलं असेल तर ती वाचून दुरुस्त करेल.

ती म्हणाली, समजा एक माणूस पुण्याला आहे, एक नगरला. त्यांना एकमेकांना गुपित निरोप धाडायचाय. निरोप कुलूप घालून धाडता येतो, पण त्या कुलपाची किल्ली दोन्हीकडं सारखी पाहिजे. ही किल्ली लोखंडाची नाही, आकड्यांची. ती धाडायची कशी? वाटेत कुणी तिची नक्कल उतरवून घेतली तर कागदाला काही कळत नाही, तारेलाही कळत नाही. मी म्हणालो, म्हणून तर सील लावतात. ती म्हणाली, सील तोडून तसंच दुसरं लावता येतं, बाबा. हे मला आवडलं नाही, पण खरं होतं.

म्हणून किल्ली उजेडातून धाडायची. उजेडाचेही म्हणे दाणे असतात. एकेक दाणा कुठल्या ना कुठल्या बाजूला कललेला. तो कसा कललाय ते माहीत नसताना वाटेत कुणी बघायला गेलं, की बघण्यानंच तो बिघडतो. त्याची तशीच दुसरी प्रत करता येत नाही. सगळे दाणे पोचले की दोघांनी त्यातले थोडे उघड उघड ताडून बघायचे. फार बिघडलेले निघाले तर मधे कुणीतरी डोकावलंय. मग ती किल्ली फेकून द्यायची, दुसरी करायची. चोर कोण ते कळत नाही, पण चोरी कळते. आणि निरोप अजून घरातच असतो, त्यामुळं चोराच्या हाती काही लागत नाही.

ही म्हणाली, "म्हंजी माझी नक्षी."

"तुझी नक्षी," मुलगी म्हणाली.

"मग घाटाचं काय करता तुमी लोक?"

मुलगी म्हणाली, खरी अडचण तिथंच आहे. उजेड जातो त्या काचेच्या तारेतही खड्डे असतात. काही दाणे आपोआप बिघडतात, काही वाटेत हरवतात. चोर त्यातच लपतो. लई हुशार चोर असला तर तो आधी रस्ता दुरुस्त करतो. रस्ता गुळगुळीत करायचा, आणि खड्ड्यानं जेवढं सांडणार होतं तेवढं आपण खायचं. मालकाला वाटतं, नेहमीसारखं सांडलं. म्हणून आम्ही घाटाला दोषच देत नाही. जे बिघडलं ते सगळं चोरानंच बिघडवलं, असं धरून हिशेब मांडतो. किती बिघाडापर्यंत किल्ली वापरायची आणि कुठून पुढं फेकून द्यायची, ती रेघ कुठं ओढायची, हे मी शोधतेय.

हिला हे फार पटलं. म्हणाली, टेम्पोवाल्यालाही असंच धरायचं.

मग तिनं लाडवांचं विचारलं. चटणीबरोबर कधी शेंगदाण्याचे लाडू जायचे, ते ती न मोजता घालायची. त्यातला एक गेला तर नक्षीही नाही आणि काही नाही. मुलीनं कपाळावर हात मारला. तिच्या उजेडातही हेच दुखणं. दिव्यातून दर वेळी एकच दाणा निघायला पाहिजे, पण कधी एकदम दोन निघतात, दोन्ही सारखे कललेले. चोर एक ठेवून घेतो, दुसरा पुढं जाऊ देतो. पुढं गेलेला बिघडत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

"मग मोजून एकच सोडावा."

"तसा दिवाच अजून नीट झाला नाही, आई. आम्ही वात अगदी बारीक करतो, म्हणजे बहुतेक वेळा एकही निघत नाही, कधी एक निघतो. तरी अधूनमधून दोन निघतातच."

हिला त्या दिव्यावाल्यांची कीव आली. ती थोडा वेळ लसूण सोलत राहिली आणि मग तिनं जे विचारलं ते मला अजून आठवतं, कारण विचारताना तिनं सुरी बाजूला ठेवली. म्हणाली, समज, त्यानं आपला डबाच ठेवून घेतला. सगळी चटणी खाल्ली. आपल्या बायकोकडून दुसरी कुटून घेतली, वर माझ्यासारखी नक्षी काढली आणि तुला दिली. तुला कसं कळंल ती माझी न्हाई?

मुलगी म्हणाली, नाही कळणार. हा प्रश्न आमच्या पुस्तकात पहिल्याच पानाला असतो. समोरचा माणूस खरा की खोटा, हे उजेड सांगत नाही. त्यासाठी दोघांकडं आधीपासूनचं एखादं लहानसं गुपित असावंच लागतं. अगदी लहान चालतं, पण पाहिजे.

मग त्यांनी मला रॉकेल आणायला धाडलं. घरात रॉकेल होतं. मी परत आलो तर दोघी गप्प, आणि दोघींच्या तोंडावर एकच हसू. त्यांनी काहीतरी ठरवलं होतं. मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आपल्याला काय, बायकांचं गुपित, असं म्हणून सोडून दिलं. एवढं दिसायचं की परतीच्या डब्यात काय आलंय ते ही आधी बघायची, मग चटणी भरायला घ्यायची. मी आपला चटणीवरची नक्षी बघत बसायचो. नक्षी काढायची तिची रीत मला तोंडपाठ झाली.

पुढच्या वर्षी हिचं पोट दुखायला लागलं. नगरला दाखवलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल, थांबून चालणार नाही. नेमकी त्याच सुमाराला मुलीची पुण्यात परीक्षा होती. परीक्षा म्हणजे पेपर नाही. बाहेरून मोठी माणसं येणार, त्यांच्यासमोर तिनं आपलं काम फळ्यावर मांडायचं, ती उलटसुलट विचारणार. ते पसंत पडलं तर तिला पुढं शिकायला पैसे मिळायचे. नाही तर तिथंच थांबायचं.

ही म्हणाली, "तिला कळवायचं न्हाई. कळलं की ती येनार. आली की ऱ्हाईलं तिचं."

मी म्हणालो, कळवावं. आमचं त्यावरून भांडण झालं, भांडणात नेहमीसारखी ती जिंकली. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी तिनं मला बजावलं, डबा चुकवायचा न्हाई. डबा चुकला की तिला कळंल. चटणी कुटून मी ठेवलीय, तुमी नुसती भरा आणि नक्षी काढा. एवढं सांगून ती दवाखान्यात भरती झाली. त्या दोघींचं डब्याच्या तळाचं जे ठरलं होतं ते मला सांगायचं दुखण्यात तिच्या डोक्यातून गेलं. किंवा मला सांगायचं नव्हतंच तिच्या मनात. हे मी तिला पुढं कितीदा विचारलं, तिनं उत्तर दिलं नाही.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण अंगात ताप राहिला. त्याच दिवशी टेम्पो जायचा होता. मी घरी आलो, डबा काढला. परतीच्या डब्यात मूठभर फुटाणे होते, ते उभ्या उभ्या खाल्ले, सकाळपासून पोटात काही नव्हतं. मग चटणी भरली. आता मी आयुष्यभर पॅकिंग केलेला माणूस. चटणी नुसती वाटीनं दाबून मला बरं वाटेना. थोडं तेल घालून घट्ट केली, थरावर थर ठासला, वर हुबेहूब तिच्यासारखी जाळी काढली, तिच्यावर तूप लावलेला कागद, आणि झाकणापर्यंत जागा राहिली तिथं वर्तमानपत्राचा बोळा. डबा हलवून बघितला. आतून आवाज नाही. मला इतका आनंद झाला की मी तो दोनदा हलवला.

दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या पीसीओवाल्यानं हाक मारली, पोरीचा फोन आहे म्हणून. मी तयारीतच होतो.

"आई कुठंय?"

"विहारात गेलीय."

"डबा मिळाला. नक्षी छान होती."

"हिच्या हातची हाय," मी म्हणालो. "छानच आसनार."

मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "मागच्या डब्यातून मी काय धाडलं होतं, आठवतंय?"

"फुटाणे."

"मग आईनं काय केलं त्यांचं?"

"काय करनार? खाल्ले."

"बरं," ती म्हणाली. "ठेवते."

मी पीसीओवाल्याला पैसे द्यायला निघालो, तो म्हणाला, फोन तिकडून होता, पैसे कशाचे? इतका मी खुशीत होतो. दवाखान्यात जाऊन हिला सांगितलं, पोरीला काही कळलं नाही, मी असं बोललो की नाव नको. हिनं डोळे मिटून विचारलं, काय काय बोललात? मी सगळं सांगितलं. विहाराचं ऐकून ती म्हणाली, "पंचशील म्हनता सकाळ-संध्याकाळ, आन् विहाराचं नाव घेऊन खोटं बोलता व्हय?" फुटाण्यांपर्यंत मी आलो, तेव्हा तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी वॉर्डात उभी. टेम्पोतून आलेली, अंगाला कोथिंबिरीचा वास. मागं टेम्पोवाला, हातात टोपी.

हिनं आधी माझ्याकडं बघितलं. "तुमी सांगितलं?"

"मी सबूद काढला न्हाई," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

"बाबांनी काही सांगितलं नाही," मुलगी म्हणाली. "डब्यानं सांगितलं."

आईच्या कपाळावर हात ठेवून, ताप बघून झाल्यावर ती खाटेच्या कडेला बसली, तेव्हा कुठं तिनं उलगडून सांगितलं. डबा उघडला तर नक्षी जशीच्या तशी. एक रेघ मोडलेली नाही. इतक्या दिवसांत असं कधी झालं नव्हतं. रस्ता तोच, टेम्पो तोच, मग खड्डे गेले कुठं? नक्षी मोडलेली असती तर ती म्हणे गप्प बसली असती, रोजचंच आहे म्हणाली असती. एवढी नीट नक्षी बघून ती घाबरली. तिनं टपरीवर टेम्पोवाल्याला गाठलं. त्यानं आईची शपथ घेतली की या खेपेला चटणीला हात लावला नाही.

टेम्पोवाला दारातून म्हणाला, "लावनार हुतो. दादानं आसा ठासलाय, वहिनी, माझा चमचा वाकला."

मग मुलीनं चटणी सगळी ताटात उपसली आणि तळ बघितला. परतीच्या डब्यात ती जे घालेल त्यावरून पुढच्या डब्याच्या तळाला आईनं काय ठेवायचं ते दोघींचं ठरलेलं होतं, आणि ते तळाला नव्हतं. तरी तिनं मनाला समजावलं, आई विसरली असेल. म्हणून फोन केला. फुटाणे आले की काय करायचं ते आईला झोपेतसुद्धा माहीत होतं. खायचे नव्हते एवढं नक्की.

"तळाला काय ठिवलंत?" हिनं मला विचारलं.

"तळाला? तळाला चटणी."

ती हसायला लागली. टाके ताणले तसा तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं आणि तशीच हसत राहिली, डोळ्यांतून पाणी. मुलगीही हसत होती, का रडत होती, ते मला कळलं नाही. मी तिथं गाढवासारखा उभा. नर्सबाई येऊन सगळ्यांना ओरडून गेल्या.

हसणं संपल्यावर खरं सुरू झालं. मुलगी म्हणाली, मी आता जाणार नाही. फळा काही पळून जात नाही, पुढच्या वर्षी बघू. ही म्हणाली, पुढच्या वर्षी कोण बोलावतंय तुला? दोघी माझ्यापेक्षा हट्टी. मुलीनं पिशवी खाटेखाली सरकवली ती आता इथंच राहायची म्हणून. ही म्हणाली, तू हितं बसून काय करनार, माझे टाके मोजनार? त्यावर मुलगी जे बोलली ते मला लागलं.

"मी गेले की तुम्ही दोघं परत मला बरं आहे म्हणून सांगणार. फोनवर बाबा बोलणार, विहारात गेली म्हणून. मी तिथं फळ्यासमोर उभी राहणार आणि माझं लक्ष इथं. तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?"

मी खाली बघितलं. ही मात्र विचार करत होती. तिची ती सवय, बोलायच्या आधी ओठ आत ओढायची.

"उद्या तू जा, तेरवा परत टेम्पो जाईल," ती म्हणाली. "डबा ह्यांच्या हातचा आसंल. पन तळ माझा आसंल. तळ बराबर निगाला तर मी बरी हाय. चुकला तर पयली गाडी धरून ये, मी काय बी बोलनार न्हाई."

"आणि बरी नसताना बरोबर ठेवलास तर?"

"त्याला इलाज न्हाई," ही म्हणाली. "मधल्याचा बंदोबस्त झाला. माझा काय बंदोबस्त करनार? तेवढा इश्वास ठिवावाच लागतो, बाई."

मुलीनं खाटेखालची पिशवी बाहेर ओढली. मग म्हणाली, आमच्याकडंही तसंच आहे. दोन टोकांची दोन माणसं आम्ही चांगलीच धरतो, ती वाईट निघाली तर आमचं सगळं गणित फुकट. ही म्हणाली, मग धर की मला चांगली. मी शील घेतलेलं हाय, तुझ्या बापासारखं न्हाई.

संध्याकाळपर्यंत ती बसली. आईचं अंग पुसलं, वेणी घातली. दुसऱ्या सकाळी टेम्पोवाला दवाखान्याच्या फाटकाशी येऊन थांबला, आपली वाट वाकडी करून. ती गेली.

ठरल्या दिवशी मी डबा, चटणी, वाटी सगळं पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन गेलो. त्याआधी परतीच्या डब्यात मुलीनं जे धाडलं होतं ते जसंच्या तसं हिच्यासमोर ठेवलं, एक कणही खाल्ला नाही. साखर होती. हिनं ती बोटानं चाचपली, उशीवर कोपर टेकून जराशी उठली आणि मला म्हणाली, "तिकडं तोंड करा."

"मी तुझा नवरा हाय."

"म्हनून तर. फोनवर तुमीच बोलता. करा तिकडं तोंड."

मी तोंड केलं. भिंतीवर लस न घेतल्यानं काय होतं त्याचं चित्र होतं, ते बघत उभा राहिलो. मागं डब्यात काहीतरी ठेवल्याचा बारीक आवाज आला. मग ती म्हणाली, भरा आता, आणि ठासू नका, मोडू द्या जराशी. मी माझ्या हातानं चटणी सैल भरली. इतकं वाईट पॅकिंग मी जन्मात केलं नव्हतं. वर नक्षी तिनं झोपून काढली, वाकडी.

ती दवाखान्यात होती तोवर जाईल त्या प्रत्येक डब्याला मी असं भिंतीकडं तोंड केलं. ताप उतरला. मुलगी पुण्याहून आली नाही. फळ्यावरचं काम झालं, फोन आला, पसंत पडलं म्हणाली. एका पाहुण्यानं तिला विचारलं होतं, रस्ता एकदम नीट दिसायला लागला तर तुम्ही निश्चिंत होणार का? ती म्हणाली, नाही, मी घाबरणार. का, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं गणित सांगितलं, माझं नाव नाही सांगितलं. मी म्हणालो, सांगायचं होतं.

टेम्पोवाल्यात एक फरक पडला. ही घरी आल्यावर तो बघायला आला तर सरळ आत येऊन बसला, आणि हिनं वाटीत चटणी दिली ती भाकरीबरोबर खाल्ली, दारात त्याची आई उभी असताना. पुढं कधीतरी तिनंही पाणी मागितलं. त्या दिवशी ऊन फार होतं, असं ही म्हणायची. मला वाटतं ऊन एवढंच कारण नव्हतं, पण हिला कुणाचा मोठेपणा काढलेला आवडायचा नाही, कमीपणाही नाही.

त्यानंतर आम्हाला चांगली वर्षं मिळाली. मी निवृत्त झालो. संध्याकाळी दोघं विहारापर्यंत चालत जायचो, येताना ती भेळ घ्यायला लावायची आणि तिखट जास्त म्हणून मलाच संपवायला लावायची. मुलगी पुढं शिकली, लांब गेली, परत येऊन पुण्यातच राहिली. डबा चालू राहिला, टेम्पो बदलले तरी. मी कितीदा विचारलं, अगं, तळाला काय ठेवतेस? ती म्हणायची, तुमाला सांगितलं की टेम्पोवाल्याला कळलं.

मागच्या थंडीत ती गेली. फार दुखणं काढलं नाही. सकाळी चहा दिला, प्याली, म्हणाली आज साखर बरोबर पडली, आणि दुपारी गेली. मला रडायला येत नाही, म्हणून लोकांना वाटतं मी धडधाकट आहे. मी खलबत्ता धुऊन पालथा घातला होता, तो बरेच दिवस कुणी सरळ केला नाही.

जलदान विधी झाला, मुलगी पुण्याला परत गेली. आणि थोड्या दिवसांनी टेम्पोवाला डबा घेऊन आला. हिनं धाडलेला शेवटचा डबा, परत आलेला. उघडला तर आत मूठभर फुटाणे.

या खेपेला मी ते खाल्ले नाहीत. पीसीओ आता नाही, घरातच फोन आहे. मुलीला विचारलं, फुटाणे आले, आता तळाला काय ठेवू?

ती म्हणाली, "ते आईचं आणि माझं होतं, बाबा. ते नाही सांगणार."

मला वाईट वाटलं नाही. खरं म्हणजे बरंच वाटलं, अजून काहीतरी त्या दोघींचंच राहिलंय म्हणून. मी म्हणालो, मग मी नुसताच डबा धाडू काय? बापाचाच हाय हे कशावरनं वळखशील? ती हसली. म्हणाली, आपण आपलं ठरवू. पण फोनवर नाही. ती त्याच रविवारी आली, स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली, लसूण सोलता सोलता आमचं ठरलं.

काल टेम्पोवाला डबा न्यायला आला. त्याचे केस आता पांढरे झालेत, चटणीची आवड तीच आहे. मी त्याला आधी वाटीत दिली, मग डबा भरायला घेतला. तो खाता खाता मान लांब करून बघत होता.

मी म्हणालो, "तिकडं तोंड कर."